इंग्लंडच्या बाथ शहरातलं आमचं छप्पर, सीगलची जोडी आणि जाळी: पाच सीझनच्या अनुभवानंतरचा रिव्ह्यू

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. छपरावर सीगलचं घरटं नको असेल तर जाळी लावा, नीट काम करणाऱ्या माणसाकडून लावा, आणि फेब्रुवारी संपायच्या आत लावा. प्लास्टिकचं घुबड, काटे, जेल, आवाजाची मशीन, ससाणा घेऊन येणारा माणूस, हे सगळं एकतर आम्ही करून बघितलं किंवा शेजाऱ्यांनी केलेलं जवळून बघितलं, आणि त्यात गेलेले पैसे आणि तीन उन्हाळे काही परत येत नाहीत म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय. ब्रिस्टल, कार्डिफ, ब्रायटन, ॲबरडीनला राहणारे आपले ओळखीचे लोक दर मे महिन्यात फोन करून विचारतात की काय करू, आणि मे महिन्यात विचारलं की उत्तर एकच असतं, आता ऑगस्टपर्यंत थांबा.

आम्ही बाथला शहराच्या अगदी मधोमध राहतो, बाथ ॲबी या जुन्या चर्चपासून चालत सात-आठ मिनिटं. २०२० च्या ऑगस्टमध्ये इथे आलो. इमारत जॉर्जियन काळातली, मधाच्या रंगाच्या बाथ स्टोनची, पाच फ्लॅट, आम्ही सगळ्यात वर. छपराची जबाबदारी पाचही घरांची मिळून, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या सोसायटीसारखंच. समोर दगडी कठडा, त्याच्यामागे स्लेटचे दोन उतार आणि त्या दोन उतारांच्या मध्ये शिशाच्या पत्र्याची पन्हळ, जिच्यातून पावसाचं पाणी मागच्या पाइपात उतरतं. आता हीच जागा सीगलच्या नजरेनं बघा. उंच दगडी कडा, त्यात वाऱ्यापासून आडोसा असलेली कपार, वर कोल्हा येऊ शकत नाही, शहर आजूबाजूच्या शेतांपेक्षा थोडं उबदार, रात्रभर दिवे, आणि पाच मिनिटांवर चिप्स आणि पेस्टी. समुद्राकाठचा कडा सोडून त्यानं इथे संसार थाटला तर त्यात त्याचं काय चुकलं.

मुळात सीगल असा एक पक्षी नसतो हे मला इथे आल्यावर कळलं. बाथमध्ये दोन जाती घरटी करतात. हेरिंग गल, ज्याची पाठ चंदेरी राखाडी आणि पाय गुलाबी, आणि लेसर ब्लॅक-बॅक्ड गल, ज्याची पाठ शाळेच्या पाटीसारखी काळपट आणि पाय पिवळेधम्मक. आमच्या छपरावरची जोडी पिवळ्या पायांची. यातले बरेच जण हिवाळ्यात स्पेन, पोर्तुगाल, पार मोरोक्कोपर्यंत जातात, बरेच आता इथेच राहतात. इथल्या जाणकारांचं म्हणणं असं की १९५६ च्या क्लीन एअर ॲक्टनंतर डेपोत कचरा जाळणं बंद झालं, उघड्या कचऱ्यावर यांना बक्कळ खायला मिळायला लागलं, संख्या वाढली आणि मग ते शहरांकडे वळले. आणि ज्या गोष्टीनं माझं या सगळ्याकडे बघणं बदललं ती अशी की शहरात डोक्यावर ओरडणारा हा पक्षी देशात एकूण कमी होत चाललाय. हेरिंग गल २००९ पासून ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे सगळ्यात जास्त काळजी करण्यासारख्या पक्ष्यांच्या यादीत आहे, लेसर ब्लॅक-बॅक्ड त्याच्या खालच्या अंबर यादीत. ब्रिस्टल चॅनलमधल्या स्टीप होम बेटावर यांची मोठी वसाहत होती, सत्तरच्या दशकात तिथे रोग पसरून पक्षी धडाधड मेले. त्यामुळे शहरात आहेत म्हणजे उतू चाललेत असं समजू नका.

मुंबईकरांना हे सगळं पटायला जरा वेळ लागतो, कारण आपल्या डोळ्यासमोर सीगल म्हणजे गेटवेवरून एलिफंटाला जाणाऱ्या लाँचच्या मागे गाठ्या झेलणारा पांढरा पक्षी. पण तो कुरव आपल्याकडे फक्त हिवाळ्याचा पाहुणा असतो. तपकिरी डोक्याचा कुरव घरटं करायला लडाखच्या तळ्यांकडे आणि त्याच्याही पलीकडे जातो, त्यामुळे त्याचं घरटं, त्याची पिल्लं, पिल्लांसाठीचा त्याचा संताप यातलं काहीच आपण बघितलेलं नसतं. माझे बाबा वेंगुर्ल्याचे, सगळा जन्म समुद्राकाठी गेला, आणि आमच्या खिडकीसमोरच्या कठड्यावर बसलेला सीगल बघून पहिलं वाक्य काय, तर "केवढो मोठो गो हो!" पंख पसरले की साडेचार फूट भरतो. खिडकीच्या काचेपलीकडे दीड हातावर बसून तुमच्याकडे पिवळ्या डोळ्यानं एकटक बघतो तेव्हा त्याची चोच किती जाड असते ते कळतं.

२०२१ चा पहिला सीझन आम्ही मजेत बघितला, खरंच. मार्चमध्ये जोडी आली, एप्रिलमध्ये चोचीत गवत आणि शेवाळ घेऊन खेपा सुरू झाल्या, मेमध्ये पन्हळीत तीन अंडी, मातकट हिरवी, वर काळे-तपकिरी शिंतोडे. महिनाभर दोघं आलटून पालटून बसले. पिल्लं बाहेर आली ती राखाडी कापसाच्या बोळ्यांसारखी, डोक्यावर ठिपके. आई-बापाच्या पिवळ्या चोचीच्या टोकाशी एक लाल ठिपका असतो, त्यावर पिल्लू टोच मारतं आणि मग मोठा पक्षी खाणं बाहेर काढतो. या ठिपक्यावर प्रयोग करणारे निको टिनबर्गन, ज्यांना १९७३ चं नोबेल मिळालं, त्यांच्याबद्दल शाळेत मुलीला शिकवलं आणि तिनं घरी येऊन खिडकीतून तेच समोर बघितलं. एवढं नशीब फार कमी मुलांना मिळतं.

मग जून-जुलै आला. पहाटे साडेतीनपासून ओरडणं सुरू, इथे उन्हाळ्यात पाचच्या आत सूर्य उगवतो, उकाड्यात खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर झोप नाही. पिल्लं छपरावर चालायला लागली की कठड्याजवळ कोणीही गेलं की वरून झडप. आमच्या खालच्या मजल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी राहतात, त्या जुलैभर दाराबाहेर पडल्या नाहीत. आणि ऑक्टोबरमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री आमच्या हॉलच्या छताला बशीएवढा ओला डाग पडला, सकाळपर्यंत परातीएवढा झाला. छपरावर माणूस चढवला तेव्हा पन्हळीच्या तोंडाशी घरट्याचा गोळा बसलेला. त्यानं तो बादलीत भरून खाली आणला, मी हातमोजे घालून स्वतः उलगडून बघितला: गवत, शेवाळ, कोंबडीची हाडं, आइसक्रीमच्या काड्या, माशाचे काटे, लहान बाळाचा एक निळा मोजा, आणि सगळं चिकटून सिमेंटसारखं घट्ट झालेलं. प्लास्टर आणि रंगाचं काम चारशे पौंडांना पडलं. तिथून पुढे हा मजेचा विषय राहिला नाही.

पहिलं आणलं घुबड. प्लास्टिकचं, मान हलणारं, ऑनलाइन बावीस पौंड. २०२२ च्या फेब्रुवारीत कठड्यावर बांधलं. आठ दिवस जोडी लांबच्या धुरांड्यावर बसून बघत राहिली, नवव्या दिवशी नर घुबडापासून हातभर अंतरावर, आणि एप्रिलमध्ये त्यांनी घरटं बांधलं ते घुबडाच्याच पायाशी, वाऱ्याला आडोसा मिळाला म्हणून. यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. बाथमध्ये सेंट जॉन्स चर्चच्या मनोऱ्यावर खरेखुरे बहिरी ससाणे घरटं करतात, आमच्या छपरावरून तो मनोरा दिसतो, आणि ससाणा वरून गेला की हेच सीगल पाच-पाच जण मिळून त्याच्या मागे लागतात. जो पक्षी जिवंत ससाण्याशी भिडतो तो जागचं न हलणाऱ्या प्लास्टिकला किती दिवस घाबरेल? एक स्टार, तोसुद्धा पहिल्या आठ दिवसांसाठी.

त्याच मेमध्ये मी फोनवर एक माणूस शोधला, पेस्ट कंट्रोलवाला, कंपनीचं नाव लिहीत नाही. वर गेला, घरट्यात तीन अंडी बघितली आणि म्हणाला की काढून पिशवीत टाकतो, कोण बघतंय, दीडशे द्या. मी त्याला सरळ खाली यायला सांगितलं. इथे नीट समजून घ्या कारण बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट १९८१ खाली सगळ्या जंगली पक्ष्यांना संरक्षण आहे, पक्षी मारणं, अंडी उचलणं किंवा फोडणं हा गुन्हा आहे, आणि घरटं वापरात असताना तर सोडाच पण ते बांधायचं काम चालू असतानाही मोडता येत नाही. म्हणजे अंडी अजून आली नाहीत ना, मग काड्या उचलून टाकू, हेसुद्धा चालत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंडाला वरची मर्यादा नाही. खरोखर आरोग्याचा किंवा सुरक्षेचा प्रश्न असेल तर नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेकडे लायसन्ससाठी अर्ज करता येतो, स्कॉटलंडमध्ये नेचरस्कॉटकडे, पण आवाज होतो आणि घाण होते एवढ्यावर ते मिळत नाही, आणि आधी दुसरे उपाय करून बघितलेत का हे विचारतात, ते विचारायलाच हवं. जो माणूस तुम्हाला मे-जूनमध्ये घरटं उचलतो म्हणून सांगतो त्याला घरात घेऊ नका, कारण उद्या चौकशी झाली तर ज्यांनी काम सांगितलं तेही त्यात येतात. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, वर तीन आठवडे पावसात आलटून पालटून अंड्यांवर बसलेली जोडी मी रोज बघत होते. ते माझ्याच्यानं झालं नसतं.

त्याच जुलैमध्ये एक पिल्लू खाली पडलं, फुटपाथ आणि तळघराच्या मधल्या खोलगट चौकात. वजनाला हलकं, अंगावर अर्धी लव अर्धी पिसं, चोच काळी. लागलं नव्हतं. आई-बाप मात्र दोन दिवस पोस्टमनच्या डोक्यावरून घिरट्या मारत होते. शेवटी आरएसपीसीएला, म्हणजे इथल्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला फोन केला, त्यांनी सांगितलं की पिल्लू धडधाकट असेल तर शक्यतो जवळच उंच सुरक्षित जागेवर ठेवा, आई-बाप खायला घालतात. तसंच केलं, मागच्या शेडच्या छपरावर ठेवलं, आणि खरंच घातलं त्यांनी. जाता-येता डोक्यावर छत्री उघडून धरा, हल्ला मागून येतो आणि छत्रीला पाय लावून पक्षी वर जातो, कोणाला इजा होत नाही. आजींना मी छत्री धरून बाजारात न्यायचे.

२०२३ च्या जानेवारीत काटे. स्टीलच्या सुयांच्या पट्ट्या, धुरांड्यावर आणि कठड्यावर, पाच घरांत मिळून साडेसहाशे पौंड. काम करणारी मुलं चांगली होती, वेळेवर आली, सगळं झाडून गेली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, वस्तूबद्दल आहे. धुरांड्यावर बसणं थांबलं, हे मान्य. पण घरट्यासाठी त्यांना पन्हळ होतीच, कठड्याची गरज नव्हती, आणि पन्हळीत काटे लावले तर पानं अडकून पाणी पुन्हा तुंबणार. समोरच्या इमारतीत तर सीगलनं काट्यांच्या मध्येच गवत कोंबून घरटं केलं, काट्यांमुळे ते वाऱ्यानं हललंसुद्धा नाही. याच वर्षी नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवून दिलं की मॅगपाय आणि कावळे हे काटे उपटून स्वतःच्या घरट्यात वापरतात, बेल्जियममध्ये अँटवर्पला मॅगपायचं एक घरटं सापडलं त्यात सुमारे दीड हजार काटे होते. कबुतरांसाठी अरुंद कड्यावर काटे ठीक, सीगलसाठी दोन स्टार.

जेल शेजारच्यांनी लावलं होतं, छोट्या वाट्यांमध्ये, पक्ष्यांना म्हणे ते आगीसारखं दिसतं. एका पावसाळी महिन्यात वाट्यांवर धूळ आणि शेवाळ. आवाजाच्या मशीनबद्दल एवढंच की तिचा त्रास सीगलपेक्षा माणसांना जास्त झाला, तीन आठवड्यांत बंद करावी लागली.

ससाणावाल्याबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण हा माणूस मला आवडला आणि त्याची सेवा वाईट नाही. आमच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलनं त्याला मार्च ते मे असं लावलं होतं, आम्ही त्यात हिस्सा घातला, तेराशे पौंड आमच्या इमारतीचे. तो हॅरिस हॉक घेऊन येतो, तपकिरी, खांद्यावर विटकरी रंग, पायाला घुंगरू. आठवड्यातून तीनदा पहाटे यायचा, रोज वेगळ्या वेळी, पक्षी हातमोज्यावरून सोडायचा, तो धुरांड्यावर जाऊन बसायचा, आणि सगळं आकाश ओरडून उठायचं. मारायचं काही नाही, नुसतं असायचं. माझ्या मुलीला त्यानं मोजा घालून हॉक हातावर घेऊ दिला, त्याची नखं चामड्यातून कशी दाबतात ते तिला कळलं, आणि तो तिला म्हणाला की याला कोणाशी भांडण नाही, याला फक्त परत येऊन मांसाचा तुकडा खायचाय. एप्रिलच्या मध्यापर्यंत आमच्या छपरावर काडी पडली नाही. पण तो आठवड्यातून तीन दिवस दोन तास असतो आणि जोडी सात दिवस चोवीस तास. एप्रिलच्या शेवटी त्याचा हॉक आजारी पडला, दहा दिवस खंड पडला, आणि त्या दहा दिवसांत घरटं तयार. घरटं झालं की त्याला तिथे उडवणं थांबवावं लागतं, आणि तो प्रामाणिक असल्यामुळे थांबला, राहिलेल्या दिवसांचे पैसे परत केले. साडेतीन स्टार. मोठं सपाट छप्पर असेल, गोदाम, मॉल, जिथे जाळीच घालता येत नाही, तिथे दरवर्षी खर्च करायची तयारी असेल तर जरूर बोलवा. पाच फ्लॅटच्या इमारतीला परवडत नाही.

आता जाळी. पुण्या-मुंबईत वाढलेल्या कोणालाही जाळी म्हटलं की बाल्कनीची कबुतर जाळी आठवते, पातळ नायलॉनची, दोन पोरं येऊन तासाभरात हुक ठोकून जातात. मलाही वाटलं होतं तेवढंच असेल. इथे तसं चालत नाही आणि का चालत नाही ते मला समोरच्या गल्लीत बघायला मिळालं. तिथे एका दुकानाच्या छपरावर जुनी जाळी होती, एका बाजूनं सुटून लोंबत होती, आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्या वर्षीचं एक सीगल, अजून पिसं तपकिरी, एक पंख जाळीत अडकून रात्रभर उलटं लटकत होतं. सकाळी मला दिसलं. आरएसपीसीएचा माणूस आला, शिडी लावून कात्रीनं एकेक धागा कापून त्यानं ते सोडवलं, पण पंख मोडला होता, वाचलं नाही. जाळी हा उपाय चांगला, पण ढिली जाळी म्हणजे सापळा. म्हणून मी तीन जणांकडून कोटेशन मागवली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, जाळी लावल्यावर पुढच्या वर्षी बघायला कोण येणार? दोघांनी गॅरंटी, वॉरंटी असं काहीतरी सांगितलं. तिसरा म्हणाला, मी येणार, दर ऑक्टोबरला, आणि तुम्हाला मधेच ढिली वाटली तर फोन करा. त्याला काम दिलं. दोन माणसांची छोटी कंपनी आहे, नाव इथे टाकत नाही कारण त्यांचं काम बाथ आणि आसपासच्या दहा मैलांतच चालतं आणि बाकीच्यांना उपयोग नाही, कामाची पद्धत सांगते ती कुठेही विचारता येईल.

सगळ्यात आधी परवानगी. आमची इमारत लिस्टेड आहे, म्हणजे वारसा म्हणून नोंदवलेली, त्यामुळे छपरावर काही ठोकायचं तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट लागतो, शिवाय अख्खं बाथ १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्यानं स्वतः नकाशा काढला, समोरच्या फुटपाथवरून चार ठिकाणांहून फोटो काढून दाखवलं की कठड्यामागची जाळी रस्त्यावरून दिसणार नाही, आणि एकही बोल्ट दगडात जाणार नाही, फक्त दोन दगडांच्या मधल्या चुन्याच्या सांध्यात जाईल असं लिहून दिलं. अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेला, मंजुरी यायला दोन महिन्यांवर दिवस गेले. त्यामुळे जानेवारीत काम हवं असेल तर गणपतीच्या सुमारास सुरुवात करा.

दुसरं, जाळीचा चौकोन. सीगलसाठी ७५ मिलिमीटर, कबुतरांसाठी ५०, चिमण्यांसाठी १९. आमच्याकडे कबुतरांचा त्रास नव्हता म्हणून ७५ घेतली, काळी, पॉलिइथिलीनची, प्रत्येक सांध्याला गाठ मारलेली, ऊन खाऊन कुजू नये अशी. चिमणी त्यातून सहज आत-बाहेर करते, अडकत नाही. विनाकारण बारीक जाळी घेऊ नका, पानं आणि बर्फ साठून खाली ओढली जाते.

तिसरं, आणि हे त्यानं विचारलं, मी नाही. वळचणीला पाकोळ्या आहेत का? आहेत, मागच्या बाजूला दोन भोकं, मे महिन्यात आफ्रिकेतून येतात आणि ऑगस्टमध्ये जातात, आणि २०२१ मध्ये त्यांचंही नाव लाल यादीत गेलं. त्यानं जाळीची मागची कड हातभर अलीकडे थांबवली, म्हणजे पाकोळीला सरळ झेप घेऊन भोकात शिरता येईल. ज्या माणसाला सीगल थांबवायला बोलावलं त्यानं पाकोळीची वाट मोकळी ठेवली, तिथेच मला कळलं की माणूस बरोबर निवडलाय.

काम जानेवारी २०२४ मध्ये, दोन दिवस. थंडी कडाक्याची होती, मी वरच्या खिडकीतून त्यांना आल्याचा चहा देत होते. आधी जुनं रिकामं घरटं काढलं, सीझन संपल्यावर वापरात नसलेलं घरटं काढता येतं. पन्हळ धुतली. मग चारी बाजूंनी आय-बोल्ट, त्यांच्यातून स्टेनलेस स्टीलची तार, कोपऱ्यांत ताण द्यायचे स्क्रू. तार ताणून झाली की तो मोठा माणूस गुडघ्यावर बसला आणि तंबोरा लावताना तार छेडतात तशी त्यानं बोटानं तार छेडली, कान देऊन ऐकली, कोपऱ्यात जाऊन अर्धा पिळा दिला, परत छेडली. चारही बाजूंना हेच. मग जाळी पसरली आणि तारेला धातूच्या रिंगांनी जोडत गेला, एका हातानं जाळी ओढून, दुसऱ्या हातात रिंग मारायचं पक्कडसारखं हत्यार, टक टक टक, मध्ये एकही घर न सोडता. शेवटी जाळीवर तळहात ठेवून अंगाचा भार टाकला, हात फक्त दोन-तीन इंच खाली गेला. म्हणाला, एवढीच दबायला हवी, याच्यापेक्षा जास्त दबली तर पक्षी तिच्यावर घरटं करतो नाहीतर तिच्यात अडकतो. पन्हळीच्या तोंडाशी एक चेन बसवली आहे, बॅगेला असते तशी, म्हणजे गटार साफ करायला जाळी कापावी लागत नाही. ही चेन आठवणीनं मागून घ्या. आमच्या ओळखीत एकांची नव्हती, प्लंबरनं जाळी कापली, परत शिवली नाही, आणि त्या भोकातून जोडी आत.

एकूण खर्च शिडी-परांचीसकट २,९०० पौंड, म्हणजे प्रत्येक फ्लॅटला ५८०. वर्षाच्या तपासणीचे १८०. महाग वाटलं होतं, आणि आधीच्या तीन वर्षांचा हिशोब मांडल्यावर वाटेनासं झालं. साडेचार स्टार, आणि अर्धा कापला तो पहिल्या वर्षी एका कोपऱ्यात तार थोडी ढिली पडली म्हणून. फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी येऊन ताणून गेला, पैसे घेतले नाहीत.

२०२४ च्या मार्चमध्ये जोडी आली. नर जाळीवर उतरला, दोन पावलं चालला, पाय चौकोनातून खाली जातोय म्हटल्यावर उडून कठड्यावर बसला. मादी धुरांड्याशेजारी बसून त्या पन्हळीकडे बघत राहिली. असं चार-पाच दिवस. हे पक्षी वर्षानुवर्षं त्याच जागेवर परत येतात, वीस वर्षांच्या पुढेही जगतात, आणि ही जागा त्यांची होती. मला ते बघून वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण अंडी नव्हती, घरटं नव्हतं, अजून जागा शोधायला वेळ होता, आणि मे महिन्यात अंडी पिशवीत टाकण्यापेक्षा मार्चमध्ये दार बंद असणं कितीतरी बरं.

जाळीबरोबर कचऱ्याकडेही बघा, नाहीतर रस्त्यावर त्रास चालूच राहतो. कौन्सिलकडून मिळणारी जाड विणीची सीगल-प्रूफ पिशवी वापरा, काळी प्लास्टिकची पिशवी रात्री बाहेर ठेवली की पहाटे फाडलेली मिळते. ब्रिस्टल विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये जीपीएस लावून दाखवलं की हे पक्षी शाळेच्या मधल्या सुटीच्या वेळा आणि कचरा केंद्र उघडायच्या वेळा बरोबर ओळखतात. आणि बाहेर बसून खाताना सीगल जवळ आला तर त्याच्याकडे सरळ रोखून बघा, एक्सेटर विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगात माणूस बघत असताना हेरिंग गलनी खाण्याजवळ यायला सरासरी २१ सेकंद जास्त लावले. मी करून बघितलंय, उपयोग होतो. आपल्याकडून फिरायला येणारे पाहुणे पुल्टनी ब्रिजजवळ यांना प्रेमानं फरसाण टाकतात, तेवढं करू देऊ नका.

आमची जोडी, निदान मला तरी ती तीच वाटते, आता नदीकाठच्या एका जुन्या गोदामाच्या सपाट छपरावर असते. तिथे खाली कोणी राहत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बिणीनं दिसतं, २०२५ च्या जूनमध्ये दोन पिल्लं होती, दोन्ही उडाली. खालच्या आजी यंदा जुलैभर रोज बाजारात गेल्या. ऑक्टोबरमध्ये जाळीवाला येऊन गेला, तारा छेडून बघितल्या, तीन रिंगा बदलल्या, पन्हळीतली पानं काढली, चहा घेतला.